बागेतला निवारा कोणाचा?



रस्ता, गटार आणि नळाचे पाणी यांविषयी गावात कोणाचे दुमत नसते. पण बागेत चार खांब, वर छप्पर आणि खाली बसायला ओटा असा एक साधा निवारा नगर परिषदेने बांधावा असे कोणी म्हटले, की लगेच कपाळाला आठ्या पडतात. ‘हे चोचले कशाला?’, ‘तिथे रिकामटेकडे पत्ते कुटत बसतील’, ‘पैसा शेवटी आमच्याच कराचा ना?’ हे तिन्ही आक्षेप मी मिस्सानंतर आपल्याच आवारात ऐकले आहेत. बोलणारी माणसे सज्जन आहेत, घाम गाळून कमावणारी आहेत. त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. या रविवारी त्याचाच थोडा सविस्तर विचार करू या.

पहिला आक्षेप चोचल्यांचा. वरवर पाहता कायदाही त्याच बाजूचा दिसतो. आपल्या नगर परिषदा १९६५ च्या अधिनियमाने चालतात. त्यात कामांचे दोन गट आहेत: काही कर्तव्ये बंधनकारक, काही ऐच्छिक. रस्त्यावरचे दिवे, साफसफाई, पाणी, जन्ममृत्यूची नोंद ही कामे पहिल्या गटात येतात. बागा, धर्मशाळा, विश्रामगृहे यांसारखी कामे दुसऱ्या गटात. तेव्हा कोणी निवाऱ्याचा विषय काढलाच, तर ‘हे ऐच्छिक आहे’ एवढ्या उत्तरावर फाइल बंद करता येते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इमॅन्युएल कांट यांचा १७८५ सालचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ आम्हाला अभ्यासाला होता. कांटही कर्तव्यांचे असेच दोन गट करतात. काही कर्तव्यांना अपवाद नाही, उदाहरणार्थ, खोटे वचन देऊन कोणाकडून पैसे उकळायचे नाहीत. दुसऱ्या प्रकारची कर्तव्ये कधी, किती आणि कोणासाठी करायची हे ठरवण्याची आपल्याला मोकळीक असते, उदाहरणार्थ, अडलेल्याला मदत करणे. परीक्षेत निम्मे विद्यार्थी इथेच घसरत. दुसऱ्या गटातली कर्तव्ये केली नाहीत तरी चालतात असे ते लिहून येत. पण मोकळीक ‘कसे करू’ याची आहे, ‘करू की नको’ याची नाही. जो माणूस आयुष्यभर ‘आज नको, उद्या बघू’ म्हणत एकाही अडलेल्याला हात देत नाही, त्याने कर्तव्य मोडलेलेच असते. ते नेमके कोणत्या दिवशी मोडले एवढेच दाखवता येत नाही. नगर परिषदेचेही तसेच आहे. निवारा कोणत्या वर्षी, कोणत्या भागात, किती खर्चाचा हे तिने ठरवावे. पण दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ‘पुढच्या वर्षी’ असे उत्तर मिळत राहिले, तर त्याला ऐच्छिक म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. लोणार हे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २३ हजार वस्तीचे गाव. नगर परिषदेचे स्वतःचे उत्पन्न थोडे. गावाचे सांडपाणी सरोवराकडे जाते ही तक्रार किती वर्षे चालली आणि सरोवराचा प्रश्न २००९ पासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे कसा आला, हे आपल्याला ठाऊक आहे. सांडपाणी आधी, सावली नंतर, याविषयी माझे काही भांडण नाही. पण ‘आधी’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. आपल्या वाडवडिलांची घरे आठवा. घरात दोन वेळची भाकर जेमतेम असे, तरी रस्त्याच्या बाजूला ओटा असे. वाटसरू त्यावर टेकत, पाणी मागत आणि पुढे जात. सगळी गरज भागल्यावर ओटा बांधायचा असे त्यांनी ठरवले असते, तर वऱ्हाडात एकही ओटा झाला नसता. आता ओट्यांच्या जागी कंपाउंडच्या भिंती आणि लोखंडी फाटके आली. पूर्वी ज्या गोष्टीला खर्च पडत नव्हता, तिच्यासाठी आज अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश लागतो. याला जबाबदार नगर परिषद नाही. आपण प्रत्येकाने आपला ओटा आत ओढून घेतला आहे.

लोणारच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती इतर गावांना सहसा नसते. इथे कुठेही खांब रोवता येत नाही. दैत्यसूदनासारखी मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचा अंमल. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत आले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले. हे सगळे नियम योग्यच आहेत. पण त्यांच्या रेषा नकाशावर काढून पाहिल्या, की उरलेली प्रत्येक मोकळी जागा किती मोलाची आहे ते कळते.

२०२२ साली राज्य सरकारने लोणार सरोवराच्या जतनासाठी आणि विकासासाठी सुमारे ३७० कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता दिली. पर्यटकांच्या सोयी हा त्यातला एक भाग. चांगलेच आहे. दुरून येणाऱ्याला उन्हात उभे करू नये. पण इथे एक सूक्ष्म गोष्ट घडते. पर्यटकासाठी सावली करायची म्हटले की कारण लगेच सापडते: पर्यटक येईल, पैसा येईल, रोजगार वाढेल. तहसीलमध्ये दाखल्यासाठी खेड्यावरून आलेली आणि ‘साहेब जेवायला गेले’ म्हणून दोन तास थांबलेली म्हातारी कोणता रोजगार वाढवणार? कामाच्या शोधात सकाळी नाक्यावर उभा राहिलेला आणि दहापर्यंत कोणी न नेलेला मजूर सावलीत बसला, तर कोणाच्या उत्पन्नात भर पडणार? त्यांच्यासाठी निवारा बांधायचा तर ‘फायदा’ हे कारण चालत नाही. तिथे न्याय हेच कारण द्यावे लागते. म्हणून या दुसऱ्या निवाऱ्याचा प्रस्ताव मांडायला माणूस कचरतो.

आपल्या मातीत हे कारण कोणाला समजावून सांगावे लागत नसे. शेजारच्या मेहकरला जुन्या धर्मशाळेचे दगडी अवशेष आहेत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या. त्यांपैकी बराच खर्च खासगीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीपासून वेगळ्या ठेवलेल्या स्वतःच्या उत्पन्नातून केला. आपल्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो आणि दोन दिनार देतो, हे आपण दरवर्षी ऐकतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर ती उतारशाळा कोणी बांधली होती, हे मात्र कोणी विचारत नाही. ती नसती, तर त्या भल्या माणसाने जखमीला घेऊन जायचे कुठे?

पण धर्मशाळेच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि आजच्या प्रश्नाची खरी नस तिथे आहे. संत गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले, १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले. आपल्या मुलामुलींच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचे नाव असते त्याला त्यांचेच नाव आहे. कीर्तने करून, लोकांकडून पैसा उभा करून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि त्यांवर स्वतःची किंवा घरच्यांची मालकी ठेवली नाही. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पंढरपुरात धर्मशाळा काय थोड्या होत्या? पण ज्यांना अस्पृश्य म्हटले जाई, त्या वारकऱ्यांना तिथे जागा नव्हती. ‘सर्वांसाठी’ म्हणून बांधलेल्या वास्तू सर्वांसाठी नव्हत्या. १९४९ साली बाबांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

त्याआधी, ऑगस्ट १९२३ मध्ये, सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव संमत करून घेतला होता. (आपले वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते, पण ठरावाचे महत्त्व त्याने कमी होत नाही.) सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्ष पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. मधल्या काळात, १९२६ मध्ये, बोले यांनी आणखी एक ठराव मांडला: ज्या नगरपालिका हे पाळणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. त्यांनी नेमके ओळखले होते, की पैसा सर्वांचा असेल तर जागाही सर्वांची, आणि जागा सर्वांची नसेल तर सर्वांच्या पैशावर हक्क नाही. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये हाच विचार आला. पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारे कोणालाही आडकाठी करता येत नाही.

आता ‘आमच्या कराचा पैसा’ या आक्षेपाकडे येऊ. कर कोण भरतो? घरपट्टी भरणारा भरतो, हे खरे. पण बाजाराच्या दिवशी जमिनीवर फडके अंथरून मेथीच्या चार जुड्या विकणारी बाई नगर परिषदेची पावती फाडते, तोही गावाच्या तिजोरीतला पैसा आहे. ती साबण घेते, बिस्किटाचा पुडा घेते, त्यावरचा करही भरते. उन्हात बसणारे बहुतेक लोक निवाऱ्याचे पैसे आधीच भरून बसलेले असतात.

त्यामुळे फलकांवरचे ‘यांच्या सौजन्याने’ हे शब्द मला खटकतात. खासदार निधीचेच घ्या. १९९३ साली ही योजना सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ कोटी रुपये आहेत. खासदार कामाची शिफारस करतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. त्यात कोणाच्या खिशातले काही जात नाही. फलक लावावा असे योजनेच्या नियमांतच आहे, आणि त्यामागचा हेतू चांगला आहे: काम कोणत्या योजनेतून झाले, खर्च किती आला, हे लोकांना वाचता यावे. आपल्याकडे नाव दुरून वाचता येते आणि खर्चाचा आकडा जवळ जाऊनही सापडत नाही. अशा निधीतून बांधकाम होते, पण झाडूवाल्याचा पगार आणि फुटलेल्या फरशीची दुरुस्ती त्यात नसते. ती ज्या संस्थेकडे वास्तू सोपवली जाते तिने करायची. म्हणून नवा निवारा मागताना उद्घाटनाच्या वर्षाचा हिशेब विचारू नये, पाचव्या वर्षाचा विचारावा.

संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने न्यायाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक देवाणघेवाणीचा: दहा रुपये दिले, दहा रुपयांचा चहा मिळाला. दुसरा वाटपाचा: जे सर्वांचे आहे त्यातून प्रत्येकाला योग्य तो वाटा. ‘आमचा कर, मग आमच्याच दारात काम’ असे आपण म्हणतो तेव्हा वाटपाच्या प्रश्नाला देवाणघेवाणीचे माप लावतो. कर हे चहाचे पैसे नव्हेत. पण थॉमस पुढे जे म्हणतात ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि वर्गात त्याच्यावरून आम्ही भरभर पुढे गेलो होतो. वाटप करणे हे सर्वांच्या मालमत्तेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचे काम, हे उघड आहे. मग सामान्य माणसाकडे वाटपाचा न्याय असतो का? थॉमस म्हणतात, असतो. योग्य वाटपावर तो समाधानी राहतो, यात त्याचा न्याय आहे.

म्हणजे निवारा माझ्या गल्लीत न होता जिथे गरज जास्त तिथे झाला, आणि मी त्यावर कुरकुर केली नाही, तर ती केवळ सहनशीलता झाली असे नाही. तो न्याय झाला. आणि मी माझे वजन वापरून तो निवारा माझ्या घराजवळ ओढून आणला, तर मी कायद्याचे एकही कलम न मोडता अन्याय केला. नगर परिषदेच्या सभागृहात जे घडते त्याला आपण सहज नावे ठेवतो. पण सभागृहात जाणारा प्रत्येक सदस्य आपल्या मतदारांच्या याच ओढाताणीचे ओझे पाठीवर घेऊन जातो. या म्हणण्याचा गैरफायदा घेता येतो, हेही मला दिसते. वाटप उघड अन्यायाचे असेल तर समाधानी राहण्यात कसलाही सद्गुण नाही. महाडला कोणी समाधानी राहिले नाही. थॉमस यांचा शब्द ‘योग्य’ वाटपाविषयी आहे. ते योग्य आहे की नाही हे पाहायला प्रश्न विचारावे लागतात आणि कागद मागावे लागतात.

राहिला रिकामटेकड्यांचा आक्षेप. हा सर्वांत जोरकस आहे, कारण तो अनुभवातून आलेला असतो. दारू पिऊन आडवे झालेले लोक, थुंकलेल्या भिंती, बाटल्यांच्या काचा हे काही कोणी कल्पनेतून बोलत नाही. संध्याकाळी मुलीला बागेत पाठवताना आईला काळजी वाटते, ती खरी आहे. पण या काळजीवर आपण उपाय काय शोधतो? फाटकाला कुलूप. बाकावर मध्येच लोखंडी दांडा, म्हणजे कोणी आडवे होऊ नये. या उपायांनी दारुडा दुसरीकडे जातो. दिवसपाळी करून थकलेला हमाल, तान्ह्या मुलाला पाजायला आडोसा शोधणारी आई आणि गुडघे दुखणारे आजोबा मात्र कुठेच जाऊ शकत नाहीत. दिवा, पाणी, जवळ स्वच्छतागृह आणि रोज झाडणारा माणूस या चार गोष्टी जिथे असतात, तिथे चांगली माणसे टिकतात, आणि चांगली माणसे टिकली की बाकीचे आपोआप आवरते घेतात. यातला सगळा खर्च पुन्हा पाचव्या वर्षाचाच.

आणि ‘रिकामटेकडा’ म्हणजे कोण? सार्वजनिक जागेत बसण्यासाठी काही काम असलेच पाहिजे का? हॉटेलात बसायला चहा घ्यावा लागतो, दवाखान्यात बसायला आजारी असावे लागते, एसटी स्टँडवर बसायला कुठेतरी जायचे असावे लागते. कारण न सांगता बसता येईल अशी जागा गरिबाला गावात उरते कुठे? श्रीमंताला ती घरीच असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शहरांतल्या सामाईक जागा जपण्याविषयी लिहिले आहे. सृष्टीच्या काळजीवरच्या परिपत्रकात बागा आणि चौक कशाला, असे तेव्हा काहींना वाटले असेल. लोणारच्या उन्हात राहणाऱ्याला तसे वाटायला नको.

आपल्यापैकी काहींनी मला सुचवले आहे, की निधी मिळवून असा निवारा चर्चच्याच आवारात उभारावा, म्हणजे देखभालही नीट होईल. सूचना प्रेमाची आहे. पण खासदार निधीच्या नियमांनुसार धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या जमिनीवर काम करता येत नाही, आणि मला तो नियम पटतो. आपल्या फाटकातून आत येताना दुसऱ्या धर्माचा माणूस क्षणभर थांबतो, कोणाला तरी विचारतो. आपण त्याला आनंदाने ‘या’ म्हणतो. पण त्याला विचारावे लागले, हे उरतेच. मंदिराच्या किंवा मशिदीच्या आवारात आपलेही तसेच होते. निवारा अशा जमिनीवर हवा जिथे ‘या’ म्हणणारा कोणी नसतो, कारण त्याची गरजच नसते. धर्मग्राम म्हणून आपल्याला काही द्यायचेच असेल, तर त्या सार्वजनिक जागेत कडुनिंबाची रोपे लावू आणि दोन उन्हाळे पाणी घालू. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली बसणे म्हणजे तव्याखाली बसणे आहे. कवेलू किंवा स्लॅब असला तरी बाजूला झाड हवेच.

शेवटी जागेविषयी एक व्यवहाराची गोष्ट. गावाच्या विकास आराखड्यात बागेसाठी जमिनींवर आरक्षण असते. १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम १२७ असे सांगते, की आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावर २४ महिन्यांत त्या दिशेने पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण रद्द होते. मालकावर कायमची टांगती तलवार राहू नये म्हणून हे कलम आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण एक बाग कोणी आवाज न करता कशी नाहीशी होते, ते यावरून कळते. आरक्षणांचा नकाशा नगर परिषदेच्या कार्यालयात पाहता येतो. आपल्या युवकांनी आणि ज्येष्ठांनी मिळून एकदा तो पाहावा, कोणत्या जागा बागेसाठी राखल्या आहेत ते लिहून घ्यावे आणि मग त्या जागांवर स्वतः जाऊन यावे. जायचे ते दुपारी दोन वाजता. सकाळी कोणतीही मोकळी जागा चांगलीच दिसते.